पगाराच्या वहीत गावाचा रकाना

मराठवाड्यात घरातला एक माणूस पगारदार झाला की त्याच्या पगारावर किती चुली पेटतात, हे पगारपत्रकात कुठंच लिहिलेलं नसतं. तिथं मूळ वेतन असतं, महागाई भत्ता असतो, घरभाडं असतं. धाकट्या दिराच्या खताच्या गोण्या नसतात, नणंदेच्या बाळंतपणाची नड नसते, सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नसतं. पण पगार जमा झाल्याचा मेसेज वाजला की ही सगळी मंडळी न बोलावता ओळीनं उभी राहतात.

मी परभणीत राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सासर मानवत तालुक्यात. कोरडवाहू शेती, सोयाबीन, कापूस आणि कापसात तुरीची तासं. माहेर बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडं. दोन्हीकडं पैशाला हंगाम असतो. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला घरात येतं, कापूस वेचणी-वेचणीनं, तूर संक्रांतीच्या आगंमागं. पैसा आला की आधी कृषी सेवा केंद्राची उधारी, मग पीककर्ज, मग सोयऱ्याधायऱ्यांची लग्नं. होळी झाली की हात रिकामे. आणि जूनमध्ये, घरात विकायला दाणा नसताना, वर्षातला सगळ्यात मोठा खर्च दारात येऊन बसतो. अशा घरात महिन्याच्या महिन्याला पैसा आणणारं माणूस एकच असेल, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं जाणारच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

अडचण येते ती बजेट मांडताना. आजकाल ज्याला त्याला ५०-३०-२० चा नियम पाठ असतो. निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. नियम सुटसुटीत आहे, एकट्या माणसाला चालतही असेल. पण भाऊजींची डीएपी खताची गोणी मी यात कुठं बसवू? गरज म्हणावी तर ती माझ्या स्वयंपाकघरातली नाही. हौस म्हटलं तर सासूबाई दारात उभं करणार नाहीत. बचत तर ती नव्हेच. ज्यानं कुणी हा नियम काढला, त्याच्या सासरी कोरडवाहू नसावं.

मग बहुतेक पगारदार काय करतात, तर गावाला 'इतर खर्च' या शेवटच्या ओळीत ढकलतात. उरलं तर गावाला. उरत कधीच नाही, आणि द्यावं तर लागतंच; मग ते किराण्यातून जातं, मुलाच्या फीतून जातं, आणि त्यावरून नवरा-बायकोचं वाजतं. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाला वहीत स्वतःचा रकाना द्यावा, तोही वरून दुसरा. आकडा ठरवावा आणि तो गावाकडं उघड सांगून टाकावा.

वहीकडं येण्याआधी पगाराचं बघू. कुणी विचारलं की आपण सांगतो तो आकडा एक असतो आणि हातात पडतो तो वेगळा. व्यवसाय कर महिन्याला २०० जातो, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के पेन्शनच्या नव्या योजनेत जातात. खाजगीत असाल तर भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के. शिवाय गटविमा आणि शिक्षकांच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता. ही सगळी कपात होऊन खात्यात जे जमा होतं तेवढाच आपला पगार. वरचा आकडा लग्न जमवताना सांगायला ठेवावा.

दुसरं म्हणजे माझा महिना एक तारखेला सुरू होत नाही. पगार कधी पाचला होतो, कधी बाराला, मार्च-एप्रिलात तर विचारूच नका. म्हणून माझ्या वहीत पान उलटतं ते पगार झाला त्या दिवशी, आणि पुढचा पगार होईपर्यंत तोच महिना. तो कधी सत्तावीस दिवसांचा भरतो, कधी अडतीस. भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे बजेट लिहिलं की पाच-दहा दिवसांचं एक भगदाड राहतं, आणि बहुतेक हातउसने त्याच भगदाडात घेतले जातात.

वहीची रीत मी शाळेतून उचलली. पोषण आहाराची नोंदवही आम्हाला रोज भरावी लागते. पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागं १५० ग्रॅम. आजची हजेरी मोजायची, गुणाकार करायचा, लिहायचं. रकाने चारच: आरंभीची शिल्लक, आज प्राप्त, आज वापर, अखेरची शिल्लक. तपासणीला साहेब आले की आधी पोतं मोजतात, मग वही बघतात. या चार रकान्यांत महिनाभराचा तांदूळ नीट बसत असेल तर पगारही बसतो. दोनशे पानी वही, लाल पेनानं मधोमध एक रेघ, डावीकडं जमा आणि उजवीकडं नावे. मोबाईलमध्ये त्यासाठी ॲप आहेत, ठाऊक आहे. पण वही फ्रिजवर पडलेली असते आणि घरातलं कुणीही ती उघडू शकतं. ॲपला पासवर्ड असतो, आणि पासवर्ड आला की घरात संशय येतो.

उदाहरणाला गोल आकडा घेते. समजा हातात ४५,००० आले. पहिली ओळ घराच्या कर्जाच्या हप्त्याची, १२,०००. दुसरी गावाची, ५,०००. तिसरी 'वर्षाचं', ६,०००. चौथी बचत, ४,०००. झाले २७,०००. उरले १८,०००, त्याचे चार आठवडे केले तर आठवड्याला साडेचार हजार. एवढ्यात किराणा, दूध, भाजी, गॅस, लाईट बिल, पिण्याच्या पाण्याचे जार, पेट्रोल. पाचवा आठवडा निघाला की ओढाताण होते, तेव्हा घरात पिठलं-भाकरी जास्त वेळा होते. कुणी तक्रार करत नाही, कारण वही सगळ्यांनी बघितलेली असते.

हप्त्याविषयी एक सांगते, कारण माहेरच्या गावानं ते लहानपणीच दाखवलं. दसरा झाला की आमच्याकडची गावंच्या गावं कारखान्यांकडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. पगारदाराचा ईएमआय ही उचलच आहे, फक्त इथला मुकादम फोनवर 'सर, मॅडम' म्हणतो. टीव्हीचा हप्ता, फ्रिजचा, मुलाच्या मोबाईलचा. मी सगळ्या हप्त्यांची बेरीज हातातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही. सोसायटी कर्ज द्यायला कितीही तयार असली तरी.

'वर्षाचं' हा रकाना ज्यांच्या वहीत नाही, त्यांचं बजेट जूनमध्ये कोसळतं, उरलंसुरलं दिवाळीत. आपले मोठे खर्च महिन्याला येत नाहीत. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, ज्वारी, डाळी भरायच्या असतात. काळा मसाला, येसर, पापड-कुरडया, कूलरचा नवा वाळा, नळाला पाणी लांबलं की टँकर. चैत्र-वैशाखात लग्नसराई. जूनमध्ये फी, वह्या, रिक्षा. मग विम्याचा हप्ता, मग दिवाळी. मी एकदा बसून हे सगळं मांडलं: धान्य पंधरा हजार, शाळा आणि शिकवणी चोवीस, विमा बारा, दिवाळी आणि कपडे दहा, लग्नांतले आहेर आठ, पाणी-कूलर तीन. बेरीज बहात्तर हजार. बारानं भागले की महिना सहा. एवढंच गणित, चौथीतलं पोरगंही करील. पण सहा हजार बाजूला असले की मे महिन्यात मोंढ्यातून गव्हाचे कट्टे आणताना छातीत धडधड होत नाही. अपवाद एकच. ज्या घरात मूल मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला लातूरला ठेवलंय, त्यांची फी अशी बारानं भागून आटोक्यात येत नाही. त्या घराचं बजेट दहावीच्या आधीपासून वेगळं मांडावं लागतं.

बचतीवर फार लिहीत नाही, त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत. माझी पोस्टात आरडी आहे, पाच वर्षांची. भिशी मी लावते पण शाळेतल्या बायकांपुरती, आणि जी रक्कम बुडाली तरी झोप उडणार नाही तेवढीच. मात्र एक गोष्ट ठासून सांगते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीचा सगळा पैसा पतसंस्थेत ठेवून आता दर आठवड्याला बंद कुलपाकडं बघून येणारे गुरुजी मला माहीत आहेत.

आता आठवड्याच्या साडेचार हजारांचं. यूपीआय आल्यापासून किरकोळ खर्चाचा माग काढणं अवघड झालंय. दहाची कोथिंबीरसुद्धा स्कॅन करून घेतो आपण. महिन्याअखेरी स्टेटमेंट काढावं तर त्यात वस्तू नसतात, माणसांची नावं असतात. भाजीवालीच्या कोडवर तिच्या जावयाचं नाव, दूधवाल्याच्या कोडवर त्याच्या चुलत्याचं. एका नावापुढं चारशेऐंशी रुपये दिसले, ते कशाचे म्हणून आम्ही दोघं रात्री डोकं खाजवत बसलो. पंक्चरवाला निघाला, नवा टायर. म्हणून आता वेगळं बचत खातं काढलंय. दर रविवारी त्यात आठवड्याचे पैसे टाकायचे आणि फोनमधलं यूपीआय त्याच खात्याला जोडायचं. ते संपलं की फोन आपोआप गप्प बसतो.

वेगळं खातं ही युक्ती माझ्या आजीची म्हणायला हवी. पाटोद्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं, हाली रुपया चालायचा. शेजारी जामखेडला इंग्रजांचं, तिथं कल्दार लागायचे. सात हालीला सहा कल्दार असा साधारण भाव. आजी हाली कनवटीला ठेवायची आणि कल्दार पदराच्या गाठीत. जामखेडच्या बाजाराचे पैसे घरच्या बाजाराला मोडायचे नाहीत, कारण बदलताना बट्टा बसायचा. शिकलेली नव्हती, पण दोन सरकारांचा पैसा अंगावर वागवून कधी गफलत होऊ दिली नाही तिनं.

हिशोब म्हटलं की आमच्या मुलखात एकनाथांची गोष्ट निघतेच. दौलताबादेत जनार्दनस्वामींकडं असताना हिशोबात एका पैचा ताळा लागेना, म्हणून नाथ रात्रभर दिव्याजवळ बसले आणि पै सापडली तशी आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनकार इथून परमार्थाकडं वळतात. मला आपलं ती पै कोणत्या पानावर दडून बसली होती याचंच कुतूहल. टाळी मात्र खरी, मार्चअखेर शाळेची कीर्द जुळवणाऱ्या कुणालाही विचारा. तरीही घरच्या वहीला एवढं ताणू नये असं माझं मत. शंभराच्या आत फरक असेल तर 'किरकोळ' लिहून रेघ ओढावी. पैपैचा ताळा लावणारी वही तीन महिन्यांत माळ्यावर जाते. घर हे खजिन्याचं ऑफिस नाही.

पण गावाचा रकाना नीट लिहावा. तिथं कंटाळा नको.

सुरुवातीला भाऊजींचा फोन यायचा तो असा. "वैनी, पगार झाला का?" मग पाऊसपाणी, मग म्हशीची तब्येत, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, "जरा नड होती." प्रत्येक वेळी माणसाला मागावं लागतं आणि आपल्याला टोलवावं किंवा द्यावं लागतं. दोघांचंही तोंड कडू. प्रत्यक्षात नड काही अचानक येत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपीची गोणी १,३५० ला, कपाशीच्या बीटी बियाण्याचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ ला. किती एकर कापूस, किती सोयाबीन, हे चैत्रातच ठरलेलं असतं. म्हणजे जूनमधला आकडा एप्रिलमध्ये मांडता येतो. आम्ही तो मांडला. भाऊजी, जाऊबाई, हे आणि मी, गावच्या ओसरीवर बसून. महिन्याला पाच हजार आमच्याकडून. त्यातले दोन मामंजींच्या औषधांना आणि घरखर्चाला लगेच, तीन साठवायचे आणि पेरणीला एकदम द्यायचे. पीएम किसानचे दोन हजार आले की तेही त्याच डब्यात. त्यापुढं लागलं तर ते उसने, आणि सोयाबीन विकलं की परत.

जाऊबाई त्या बैठकीत काहीच बोलल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "आता पगाराच्या दिवशी ह्यांचं तोंड बघाया लागू नये म्हंजी झालं." बचतगटाची वही त्याच सांभाळतात, दहा बायकांचा हिशोब त्यांच्या बोटांवर असतो. त्यांना आधी विचारलं असतं तर त्यांनी हे केव्हाच करून दिलं असतं असं मला वाटतं.

वहीत लिहिणं गावाला आवडलं असं मात्र नाही. संक्रांतीनंतर भाऊजी तुरीची डाळ घेऊन आले, चहा झाला, आणि फ्रिजवरच्या वहीकडं बघत म्हणाले, "वैनी, तुमच्या वहीत आमचं नाव खर्चात हाय म्हणं?" आवाजात हसू होतं, पण ते वरवरचं. मी वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. डाव्या पानावर, जमेच्या बाजूला, 'गावाहून आलं' म्हणून लिहिलेलं होतं. ज्वारी दोन कट्टे. तूरडाळ. भुईमुगाच्या शेंगा. उडीद. अंबाडीची वाळलेली भाजी. प्रत्येकापुढं त्या दिवशीचा परभणीच्या बाजारातला भाव लावून रक्कम. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. मला वाटलं, आता जरा बरं वाटेल. तर ज्वारीवर येऊन बोट थांबलं.

"ह्यो भाव कोणत्या ज्वारीचा लावला?"

"बाजारात विचारून लावलाय."

"बाजारात हायब्रीडचा सांगितला आसंल. ही मालदांडी हाय वैनी. घरच्या रानातली."

मी भाव खोडला आणि ते सांगतील तो लिहिला. किलोमागं बरेच रुपये वाढले. त्या वर्षीच्या बेरजेत गाव आमच्या अंदाजाइतकं महाग पडलं नव्हतं. पाच-पाच करून दिलेल्या साठ हजारांतला चांगला हिस्सा कट्ट्यांतून आणि डब्यांतून परत आला होता. ह्यांनी ते पान दोनदा वाचलं. काही बोलले नाहीत, पण त्यानंतर गावाच्या पैशांवरून आमचं फारसं वाजलं नाही.

ठरलेला आकडा प्रत्येक वर्षी पुरतो असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आमचं सोयाबीन शेंगा धरून पाण्यात उभं राहिलं. केंद्रानं हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर केला होता, पण हमीभाव लागायला आधी विकण्याजोगा माल हातात यावा लागतो. जे निघालं ते काळं पडलेलं. त्या महिन्यापासून गावाचे पाचाचे दहा झाले. ते आणले कुठून, तर 'वर्षाचं' मधल्या दिवाळीतून आणि बचतीतून. दिवाळीला कपडे झाले नाहीत, आरडी चालू ठेवली पण बाकीची बचत थांबली. वहीमुळं पैसे वाढले नाहीत. कुठले पैसे कुठं वळवायचे हे एका संध्याकाळी ठरलं आणि कुणाला कुणाकडं मागायला जावं लागलं नाही, एवढं झालं.

सध्या वाद चाललाय तो वेगळाच. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलंय वैशाखात. ह्यांचं म्हणणं, भाचीचं लग्न म्हणजे मामाचं कर्तव्य, ते गावाच्या रकान्यात टाका. मी म्हणते आहेर तो आहेर, 'वर्षाचं' मधल्या आठ हजारांतून जाईल तेवढा. त्यावर हे म्हणतात, आठ हजारांत मामाची साडी तरी बसते का? भाऊजींना फोन लावला तर ते म्हणाले, दोन्हीतून निम्मं-निम्मं करा, आणि मांडवाला लागणारी ज्वारी माझ्याकडून लिहा. "मालदांडीच्या भावानं," हे सांगायला विसरले नाहीत.